दारापुढील ओट्यास फरशी कोणती?

घर घेताना किंवा दुरुस्त करताना आपली मंडळी दिवाणखान्याच्या रंगाची आणि स्वयंपाकघरातील कपाटांची चर्चा आठवडेच्या आठवडे करतात. दारापुढील ओट्याचा विषय मात्र अगदी शेवटी, लाद्यांचे दुकान बंद होण्याच्या सुमारास निघतो. मग घरात घातलेल्या लाद्यांपैकी उरलेल्या दहा-बारा बाहेर लावून टाकाव्या, असा सोपा निर्णय होतो. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावरील डार्विन शहरी राहणाऱ्या, अथवा तेथे बिऱ्हाड नेण्याच्या विचारात असणाऱ्या कुटुंबांनी हा निर्णय असा घेऊ नये, असे आम्हांस वाटते. घरात शोभणारी गुळगुळीत लादी पावसाच्या झडीत साबणासारखी होते, आणि तिच्यावरून दिवसातून चार वेळा जा-ये करणार असतात ते सत्तरी ओलांडलेले आपले आईवडील. उतारवयात खुब्याचे हाड मोडले म्हणजे पुष्कळांचे पूर्वीचे हिंडणेफिरणे परत येत नाही, हे आम्ही नव्याने सांगावयास नको.

त्यात आपल्या घरांची एक विशेष गोष्ट आहे. उंबरठ्यापाशी येताच आपला हात मेझुझाकडे जातो. नजर चौकटीच्या वरच्या अंगास, एका हातात बाजाराची पिशवी, दुसरा हात उंचावलेला, आणि पाय नेमका ओल्या फरशीवर! शरीराचा तोल जाण्यास याहून सोयीचा क्षण नाही. सबंध घरात निसरडेपणाचा सर्वांत अधिक विचार कोठे करावा असे कोणी विचारले, तर आम्ही उंबरठ्याबाहेरील पहिल्या हातभर जागेकडे बोट दाखवू.

आपल्या कोकणातल्या पूर्वजांना हे ज्ञान पुस्तकातून मिळाले नव्हते. नवगाव, रेवदंडा, अलिबाग, पेण या भागांतील जुन्या घरांचा ओटा शेणाने सारवलेला असे. पावसाळ्यात पडवीस झावळ्यांचे झाप बांधून झड अडवीत. जोत्याच्या पायऱ्यांना टाकीचा दगड वापरीत, म्हणजे छिन्नीने खरखरीत केलेला. पाटा गुळगुळीत झाला की त्यास पुन्हा टाकी लावून घेत, हे आमच्या वयस्क वाचकभगिनींना स्मरत असेल. पायरीचेही तत्त्व तेच. पुढे मुंबईस मांडवी-उमरखाडीच्या चाळींतून शहाबादी फरशी आली, तीही न घासलेलीच बरी असे. चकचकीत लादी दारापर्यंत आली ती अलीकडे, आणि तिच्याबरोबर घसरण्याची भीतीही.

डार्विनचे हवामान कोकणच्या माणसास अगदी परके वाटू नये. वर्षाकाठी सुमारे १,७०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे मुंबईहून कमीच. परंतु ऋतू उलटे आहेत. पावसाळा नोव्हेंबर ते एप्रिल. जानेवारीत जोर सर्वांत अधिक. मोसमी वारे वायव्येकडून येतात. मे ते सप्टेंबर पाऊस जवळजवळ नाहीच, हवा कोरडी आणि धूळ लाल. ही धूळ आपल्या जांभ्याच्या मातीची सख्खी बहीण समजावी. पांढरी लादी आणि तिच्या सांध्यांत पांढरे सिमेंट घालणाऱ्या गृहिणीस पहिल्याच पावसात तिची ओळख पटते. सांध्यांना करडा किंवा मातकट रंग द्यावा. वर्षभराची कटकट वाचते.

फरशी निवडण्यापूर्वी आपले घर कोणत्या जातीचे आहे ते पाहावे, कारण डार्विनमध्ये घरांच्या दोन जाती आहेत आणि त्यामागे इतिहास आहे. पूर्वी तेथील घरे खांबांवर उचललेली, लाकडी जमिनीची व झडपांच्या खिडक्यांची असत. मिली पॉइंट येथे सरकारी वास्तुशिल्पी बेनी बर्नेट यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस बांधलेली अशी काही घरे आजही उभी आहेत. (नामसाधर्म्यावरून कोणी नाते जोडू नये!) १९७४ च्या २५ डिसेंबरच्या पहाटे 'ट्रेसी' नामक चक्रीवादळाने शहर उद्ध्वस्त केले; ६६ माणसे दगावली, बहुतेक घरे राहण्याजोगी उरली नाहीत, आणि तीस हजारांहून अधिक लोकांना अन्यत्र हलवावे लागले. त्यानंतरच्या पुनर्बांधणीत जमिनीलगत काँक्रीटच्या पायावर बसविलेली विटा-ठोकळ्यांची घरे पुष्कळ आली. यांपैकी पहिल्या जातीच्या घराचा ओटा म्हणजे जिन्याच्या माथ्यावरील लाकडी सज्जा. दुसऱ्याचा म्हणजे काँक्रीटचा कट्टा. दोहोंचा उपाय एक असू शकत नाही.

काँक्रीटच्या कट्ट्यास सर्वांत स्वस्त आणि आमच्या मते पुष्कळदा सर्वांत चांगला उपाय म्हणजे त्यावर काहीच न चिकटवणे. ओले असतानाच झाडू ओढून खरखरीत केलेला कोबा पायास पकड देतो, आणि वाळवीलाही लपण्यास जागा देत नाही. थोडा अधिक खर्च करावयाचा असेल तर वरचे सिमेंट धुऊन आतील खडी उघडी पाडतात, तीही उत्तम. मात्र खडी गोल घ्यावी, अनवाणी पायांना टोचत नाही. लादीच हवी असेल तर झिलईची घेऊ नये. खरखरीत पृष्ठभागाची पोर्सेलेनची लादी मागावी आणि दुकानदारास तिचा 'पी' क्रमांक विचारावा. ऑस्ट्रेलियात ओल्या लादीवर रबर लावलेला लंबक फिरवून तिची पकड मोजतात आणि पी-० पासून पी-५ पर्यंत श्रेणी देतात. पाऊस पोचतो तेथे पी-४, आणि पायरीस अथवा चाकाच्या खुर्चीकरिता केलेल्या उतारास पी-५ धरून चालावे. "ही बाहेरच चालते" एवढ्या तोंडी आश्वासनावर संतुष्ट राहू नये. अशा लादीवर फडके अडकते हे खरे. काथ्याच्या ताठ कुंच्याने घासावी लागते. पावसाळ्यात सावलीच्या कोपऱ्यांत शेवाळ धरते, तेथे महिन्यातून एकदा तरी कुंचा फिरवावाच, कारण शेवाळ धरल्यावर पी-५ देखील कामाची नाही. चकाकीसाठी वरून रोगण चढविण्याचा मोह टाळावा. पैसे देऊन विकत घेतलेली पकड त्याखाली बुजते.

रंगाविषयी एवढेच की काळा अथवा गडद करडा दगड पश्चिमेच्या उन्हात तव्यासारखा तापतो. आपल्याकडे चपला ओट्यावर काढून आत जाण्याची रीत, आणि डार्विनची मुले तर बहुधा अनवाणीच. तेव्हा फिकट मातकट छटा घ्यावी. तेथे सूर्य वर्षाचा बराच काळ उत्तरेकडून येतो, हेही हिंदुस्थानातून गेलेल्या मंडळींनी ध्यानात ठेवावे.

फरशीइतकेच महत्त्व ढाळाचे. कट्टा उंबरठ्याहून खाली असावा, आणि दारापासून बाहेरच्या बाजूस मीटरमागे एक ते दीड सेंटिमीटर उतार असावा. पाणी साचले तर कोणतीही लादी निरुपयोगी. दुसरी खबरदारी वाळवीची. डार्विनचे नाव धारण करणारी वाळवीच आहे, मास्टोटर्मिस डार्विनिएन्सिस; ती घराचे लाकूड तर खातेच, जिवंत आंब्याचे झाडही पोखरते. तिचा मार्ग डोळ्यांस दिसावा म्हणून अनेक घरांत काँक्रीटच्या पायाची कड बाहेरून निदान ७५ मिलिमीटर उघडी ठेवलेली असते. ओट्यास नवा थर देताना गवंडी ही कड हमखास बुजवितो. काम सुरू होण्यापूर्वीच त्यास बजावावे, आणि वाळवीच्या तपासनीसास एकदा विचारून घ्यावे.

लाकडी सज्जा असेल तर त्यावर लाद्या चढविण्याचा विचारही करू नये. पावसाळ्यात फुगणारे आणि कोरड्या ऋतूत आकसणारे लाकूड सांधे उकलते, पाणी आत मुरते, आणि खालची कुज दिसतसुद्धा नाही. फळ्याच ठेवाव्या, त्यांत चार-पाच मिलिमीटर फट ठेवावी, खिळ्यांऐवजी गंज न चढणारे स्क्रू वापरावे. मर्बाऊ लाकूड टिकाऊ खरे, पण पहिल्या पावसात त्यातून तांबडे पाणी गळते. खाली मोटार उभी असेल तर हलवावी. जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेस वेगळ्या रंगाची खरखरीत पट्टी ठोकावी, म्हणजे संध्याकाळी मंद दृष्टीच्या माणसासही पायरी कोठे संपते ते कळते.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना फरशी बदलता येत नाही. त्यांनी घरमालकाच्या परवानगीने पकड वाढविणारे रसायन लावून घ्यावे, किंवा उंबरठ्यापुढे व पायरीवर वाळूच्या कागदासारख्या चिकटपट्ट्या लावाव्या; खर्च किरकोळ आहे. काथ्याचे पायपुसणे पावसाळ्यात ओलेच राहून कुजते, त्याऐवजी पाणी निथळू देणारे जाळीचे रबर घ्यावे. एकमेकांत अडकवून नुसत्या मांडावयाच्या सुट्या लाद्यांची जाहिरात मोहक असते, परंतु चक्रीवादळाच्या प्रदेशात बांधून न ठेवलेली वस्तू दारात असू नये. चपलांची मांडणी आणि कुंड्या यांनाही हाच नियम.

एक शेवटची बाब. सुक्कोथमध्ये सुक्का ओट्यावर उभारू, असे अनेकजण योजतात. छपराखालील ओट्यावर सुक्का होत नाही, तो उघड्या आकाशाखालीच हवा. म्हणून बाहेर काँक्रीट घालतेच वेळी ओट्यालगत छपराबाहेर दोन-अडीच मीटरची जागा वाढवून घ्यावी, आणि खांबांसाठी चार कोपऱ्यांत नळीचे तुकडे आधीच पुरून ठेवावे. लादी बसल्यावर तिला भोके पाडणे जिवावर येते. सण सप्टेंबर-ऑक्टोबरात येतो, तेव्हा डार्विनला पहिली वळवासारखी वादळे सुरू झालेली असतात; या नळ्यांच्या तळाशी पाणी जाण्यास वाट ठेवावी, आणि एरव्ही त्यांची तोंडे झाकून ठेवावी.