नहर: एका शब्दाचा पाणीपुरवठा

शब्दाचा अर्थ केवळ कोशातून पुरता उलगडत नाही; तो शब्द ज्या वस्तूसाठी रूढ झाला, ती वस्तूही समजून घ्यावी लागते. 'नहर' हा शब्द याचे उत्तम उदाहरण आहे.

अमरावती-अकोल्याकडे ऊर्ध्व वर्धा किंवा काटेपूर्णा प्रकल्पाचा कालवा आपण पाहिला असेल. तो उघडा असतो व शेतीला पाणी पुरवतो. शेतात खेळवलेला त्याहून लहान प्रवाह म्हणजे पाट. 'नहर' म्हणजे कालवा, असा अर्थ सर्वसाधारणपणे दिला जातो. परंतु छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, येथील नहर या दोहोंहून भिन्न आहे.

निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने १६१० मध्ये खडकी हे नगर वसवले. तेच पुढे औरंगाबाद झाले. नगराच्या पाण्यासाठी त्याने 'नहर-ए-अंबरी' बांधली. जमिनीत झिरपणारे पाणी भुयारी मार्गात गोळा करायचे आणि बेताच्या उतारावरून नगरात आणायचे, ही तिची रीत. ठरावीक अंतरावरील उभ्या विवरांतून आत हवा जाई आणि सफाईसाठी उतरता येई. पुढे आणखी नहरी झाल्या. त्यांपैकी एकीचे पाणी उंचावर चढवून पात्यांवर सोडत आणि त्यावर धान्य दळण्याचे जाते फिरे. तीच पाणचक्की, ऊर्फ पनचक्की. बेगमपुरा, जयसिंगपुरा यांसारख्या वस्त्यांनी या नगराचा परिसर गजबजला, त्यामागे पाण्याची ही सोय होती.

'नहर' हा मूळचा अरबी शब्द. आपल्या अचलपूरजवळील 'हौज कटोरा' या वास्तूच्या नावातील 'हौज' हाही अरबीच. मराठीतील 'हौद' हे त्याचेच रूप. हौद मराठीच्या घराघरांत रुळला. नहर मात्र तिच्या स्थळाशीच बांधलेली राहिली.

'नहर' हा परका शब्द म्हणून वगळून तेथे 'कालवा' लिहिले, तर वाक्य शुद्ध वाटेल. पण भुयार, विवरे आणि ती राखणाऱ्यांचे ज्ञान त्यातून निसटेल. नहरी बुजतात तेव्हा शब्दही निराधार होतो. आणि शब्द विसरला गेला, तर जमिनीखाली काय आहे हे विचारणारा कोणी उरत नाही.

उपक्रम: आपल्या गावातील वडीलधाऱ्यांकडून पाण्याशी संबंधित दहा शब्द मिळवा. प्रत्येकाचा अर्थ त्या वस्तूच्या रचनेसह लिहा.