बोरूतला खोडकिडा

भाताचा पोंगा सुकला आणि ओढताच अलगद हातात आला, की शेतकरी म्हणतो, ‘खोडकिडा लागला!’ मग फवारणीचा पंप पाठीवर येतो. इंग्लंडात मात्र असाच एक खोडकिडा आहे. त्याला मारणे सोडाच, तो टिकावा म्हणून माणसे चिखलात राबतात.

‘रीड लेपर्ड’ हे त्याच्या पतंगाचे नाव. रंग वाळक्या बोरूसारखा, भुरा. केंब्रिजशायर, नॉरफॉक आणि डॉर्सेट इथल्या मोजक्याच पाणथळींत तो सापडतो. मादी बोरूवर अंडी घालते. अळी दांड्यात शिरून आतला गर खाते आणि तिथे एक नव्हे, दोन हिवाळे काढते. कोषही दांड्यातच. जून-जुलैच्या रात्री पतंग बाहेर पडतो. तो काही खात नाही. जोडी जमवायची, अंडी घालायची, की संपला कारभार!

म्हणजे त्याला काय हवे? ओली जमीन आणि दोन वर्षे उभा राहणारा बोरू. नेमके तेच नाहीसे झाले. शेतीसाठी सतराव्या शतकापासून या दलदलींचे पाणी चर खणून काढले गेले. पाणी गेल्यावर आजूबाजूची काळी, भुसभुशीत जमीन आक्रसून खाली बसली. केंब्रिजशायरमधली ‘विकेन फेन’ ही दलदल तेवढी उंचावर राहिली आणि तिचे पाणी झिरपून जाऊ लागले. ‘नॅशनल ट्रस्ट’ने १८९९ मध्ये तिथली दोन एकर जागा घेतली, पुढे ती वाढवत नेली. शेजारच्या जमिनीचे पाणी उपसणारी जुनी पवनचक्की १९५६ मध्ये इथे आणून बसवली. काम मात्र उलटे दिले: पाणी आत घ्यायचे!

एवढ्यानेही भागत नाही. सगळा बोरू एकदम कापून जाळला, तर दांड्यातल्या अळ्याही गेल्या. कधीच कापला नाही, तर पालापाचोळा साचून जमीन वर येते, झुडपे माजतात आणि बोरू हटतो. म्हणून तुकडे पाडून पाळीपाळीने कापणी करायची. एक तुकडा कापला, तर शेजारचा उभा ठेवायचा.

आपल्या गावतळ्याचा काठ साफ करतानाही एवढे ध्यानात ठेवायला काय हरकत आहे? काडी लावण्याआधी अर्धा काठ राहू द्यावा. त्या दांड्यांत कोण हिवाळा काढत असेल, सांगता येत नाही.