उरलेली राखीव रक्कम कोणाची?

मोठ्या बांधकामाच्या अंदाजपत्रकात ‘आकस्मिक खर्च’ या नावाची एक ओळ असते. मंजुरीच्या वेळी तिच्याकडे कोणी फारसे पाहत नाही. काम संपत आले की मात्र सर्वांची दृष्टी तिच्यावरच खिळते. मग प्रवेशद्वाराला संगमरवर सुचतो, सभागृहाला पडदे सुचतात. ही रक्कम आपल्या काटकसरीची कमाई आहे, अशी समजूत त्यामागे असते. ती साफ चुकीची आहे. राखीव रक्कम जोखमींसाठी दिलेली असते. जोखीम टळली की त्या रकमेवरचा कामाचा हक्कही संपतो.

लंडनच्या २०१२ च्या ऑलिंपिकचा हिशेब या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. मार्च २००७ मध्ये ब्रिटिश सरकारने ९३२ कोटी ५० लाख पौंडांची तरतूद जाहीर केली आणि त्यातील सुमारे २७५ कोटी पौंड निव्वळ राखीव ठेवले. पुढच्याच वर्षी जागतिक आर्थिक संकट कोसळले. क्रीडाग्रामासाठी खासगी भांडवल मिळेना, तेव्हा २००९ मध्ये याच राखीव रकमेतून ३२ कोटी ४० लाख पौंड द्यावे लागले. पूर्व लंडनमधील जुन्या कारखान्यांची दूषित जमीन स्वच्छ होऊन पाया भरला गेला की त्या बाजूची धास्ती मिटत होती. सुरक्षेची मात्र स्पर्धा संपेपर्यंत मिटणारी नव्हती. डिसेंबर २०११ मध्ये क्रीडास्थळांच्या सुरक्षेची तरतूद जवळपास दुप्पट करावी लागली. इमारती उभ्या राहिल्या म्हणून तिजोरी आधीच मोकळी केली असती, तर हा पैसा कोठून आणला असता?

स्पर्धेनंतर ३७ कोटी ७० लाख पौंड वाचल्याचे ऑक्टोबर २०१२ मध्ये सांगण्यात आले. या बचतीचे फार कौतुक करण्याचे कारण नाही. २००५ मधील मूळ अंदाज २००७ च्या तरतुदीच्या निम्म्याहूनही कमी होता. परंतु उरलेला पैसा शेवटच्या घाईत उधळला गेला नाही, एवढे श्रेय द्यावेच लागेल.

आपल्याकडे नियम नाहीत असे नाही. वर्षअखेरीच्या महिन्यांतील खर्चाची घाई हा आर्थिक औचित्याचा भंग होय, असे केंद्र सरकारचे २०१७ चे सर्वसाधारण वित्तीय नियम स्पष्ट सांगतात. तरीही मार्चअखेर म्हणजे काय, हे कचेरीत काम करणाऱ्याला समजावून सांगण्याची गरज नाही. पैसा परत करणाऱ्याला पुढील वर्षी कमी मिळेल, ही भीती अगदीच निराधार नसते. आणि ती दूर करणे हे खालच्या लिपिकाचे नव्हे, वित्त विभागाचे काम आहे.

त्याहून गंभीर गोष्ट जोखीम मिटल्याचे ठरवण्याची. आपण काम पूर्ण झाल्याचा दाखला देतो. पण कोणती धास्ती संपली, कोणती शिल्लक आहे आणि ती यापुढे कोणी वाहायची, याची नोंद त्यासोबत क्वचितच असते. शाळेची इमारत मार्चमध्ये ताब्यात दिली जाते, आणि छताची परीक्षा होते जूनमध्ये. दोषदायित्वाच्या मुदतीपर्यंत कंत्राटदाराची अनामत रोखून ठेवायची, ती याचसाठी. ती घाईने परत केली आणि उरलेली राखीव रक्कम फाटकाच्या कमानीवर खर्च झाली, तर मुख्याध्यापकांच्या पत्राला उत्तर येते, ‘तरतूद उपलब्ध नाही’, आणि पाचवीचा वर्ग व्हरांड्यात भरतो.