जमीन, वारसा व कर्ज : वऱ्हाडातील कायदेविषयक प्रश्न

शेतजमिनीचा हक्क, कुटुंबातील वारसा व वाटणी आणि कर्जाची फेड यांसंबंधी सामान्य खातेदारापुढे वारंवार उभे राहणारे प्रश्न व त्यांस लागू पडणारे कायद्याचे नियम. विधिग्रंथांत हे तीन विषय स्वतंत्रपणे मांडले जातात. प्रत्यक्षात मात्र शेतकरी कुटुंबात ते बहुधा एकाच वेळी उद्‌भवतात. खातेदार मरण पावला, की जमीन कोणाच्या नावे होणार, मुलींना हिस्सा मिळणार काय आणि मृताचे कर्ज कोणी फेडावयाचे, हे प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात. त्यांचा उलगडा करताना तीन गोष्टींतील भेद ध्यानी घ्यावा लागतो : हक्क, त्याची नोंद आणि दाद मागण्याची मुदत. हक्क हा दस्ताने किंवा वारसाने उत्पन्न होतो. महसुली नोंद ही त्याचा केवळ पुरावा असते आणि मुदत टळल्यास खरा हक्कही न्यायालयात निष्फळ ठरू शकतो.

पार्श्वभूमी : वऱ्हाड प्रांत १८५३ च्या तहाने निजामाकडून ब्रिटिशांच्या ताब्यात आला. १९०२ च्या करारानंतर त्याचा कारभार मध्य प्रांताशी जोडण्यात आला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो मुंबई राज्यात व १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात समाविष्ट झाला. येथील जमाबंदी मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी पद्धतीने झाली. त्यामुळे शेत कसणाऱ्या खातेदारास वंशपरंपरागत व हस्तांतरणीय हक्क मिळाला. जो हक्क विकता येतो, तो गहाणही ठेवता येतो. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) कापसाला आलेली तेजी, तीनंतरची मंदी आणि रोख पैशावर चालणारी कापसाची शेती यांमुळे जमीन हे कर्जाचे मुख्य तारण बनले. १८७५ च्या दंगलींनंतर पुणे, सातारा, अहमदनगर व सोलापूर या जिल्ह्यांसाठी १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य अधिनियम करण्यात आला. वऱ्हाड त्याच्या कक्षेबाहेर होते. मध्य प्रांतात १९३३ चा कर्ज समझोता अधिनियम व पुढे १९३९ चा मध्य प्रांत व वऱ्हाड कर्जनिवारण अधिनियम झाल्यानंतर कर्जाची रक्कम तडजोडीने कमी करून हप्त्यांनी फेडण्याची व्यवस्था अस्तित्वात आली.

या काळातील ग्रामीण कर्जबाजारीपणाचे परिचित उदाहरण संत गाडगे महाराज (१८७६–१९५६) यांच्या चरित्रात आढळते. मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरी येथे मामांच्या घरी ते वाढले. सावकाराच्या कर्जव्यवहारात मामांची शेती संकटात आल्याचा प्रसंग त्यांच्या चरित्रकारांनी नोंदविला आहे. कर्ज काढून सण व लग्ने साजरी करू नयेत आणि मुलांना शिक्षण द्यावे, हा त्यांच्या कीर्तनांचा मुख्य विषय होता. अमरावतीनजीक वलगाव येथे पेढी नदीजवळ २० डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले. ज्या निरक्षर खातेदारासाठी ते बोलत, त्याची अडचण केवळ दारिद्र्याची नव्हती. आपण कोणत्या कागदावर अंगठा उमटवीत आहोत, हे त्यास ठाऊक नसे, ही तीमागील खरी अडचण होती. पुढील प्रश्नांपैकी बहुतेकांचे मूळ याच ठिकाणी आहे.

सातबारा व मालकी : सातबाऱ्यावर नाव लागले म्हणजे मालकी मिळाली, असा समज सार्वत्रिक आहे. तो बरोबर नाही. सातबारा हा गाव नमुना सात (अधिकार अभिलेख) व गाव नमुना बारा (पिकांची नोंद) यांचा एकत्रित उतारा होय. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ अन्वये जमिनीत हक्क संपादन करणाऱ्याने तीन महिन्यांच्या आत त्याची वर्दी पटवाऱ्यास (तलाठ्यास) द्यावयाची असते. त्यानंतर फेरफार नोंदवहीत नोंद होते, हितसंबंधितांना नोटीस दिली जाते आणि हरकत आल्यास तिची चौकशी होऊन नोंद प्रमाणित करण्यात येते. अशी नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी मानली जाते. तथापि ती हक्क निर्माणही करीत नाही व नष्टही करीत नाही. मालकीचा वाद दिवाणी न्यायालयातच मिटतो. म्हणूनच केवळ फेरफारात नाव गाळले गेल्याने वारसाचा हिस्सा बुडत नाही. मात्र नोटिशीकडे दुर्लक्ष केल्यास त्या नोंदीच्या आधारे जमीन विकली जाण्याचा किंवा तीवर कर्ज काढले जाण्याचा धोका संभवतो.

जमीन खरेदी करणाऱ्याने फेरफारांची मालिका, आठ-अचा उतारा व ‘इतर हक्क’ या रकान्यातील बोजा पाहणे आवश्यक असते. भोगवटादार वर्ग दोनची जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून विकता येत नाही. शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किंमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होऊ शकते. मुद्रांकावर लिहिलेली, परंतु नोंदणी न झालेली ‘इसारपावती’ मालकी देत नाही. ती फार तर विक्रीचा करार ठरते.

मक्त्याने किंवा बटईने शेत दिल्यास ते कुळाकडे जाईल काय, ही भीती वऱ्हाडात आजही आढळते. तिला ऐतिहासिक आधार आहे. वऱ्हाडासाठी १९५१ मध्ये शेतजमिनीच्या पट्ट्यांचे नियमन करणारा अधिनियम झाला व त्याची जागा विदर्भासाठीच्या १९५८ च्या स्वतंत्र कूळवहिवाट अधिनियमाने घेतली. त्यान्वये १ एप्रिल १९६१ रोजी पात्र कुळांच्या ताब्यातील जमिनींची मालकी कुळांकडे संक्रमित झाली. त्यामुळे शेत कसावयास देताना व्यवहार तोंडी ठेवण्याची प्रथा पडली. परंतु तोंडी व्यवहार उभय पक्षांना घातक ठरतो. मालकास कराराचे स्वरूप सिद्ध करता येत नाही आणि कसणाऱ्यास पीककर्ज किंवा नुकसानभरपाई मिळविताना पुरावा उरत नाही.

वारसा व वाटणी : हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ हा १७ जून १९५६ पासून अमलात आला. तो बौद्ध, जैन व शीख यांनाही लागू आहे. मृत्युपत्र न करता पुरुष मरण पावल्यास त्याचे मुलगे, मुली, विधवा व आई हे पहिल्या वर्गातील वारस समान हिश्श्याने घेतात. विधवेस मिळालेली मालमत्ता पूर्वी मर्यादित स्वरूपाची असे. या अधिनियमाच्या कलम १४ ने ती तिच्या संपूर्ण मालकीची झाली. वडिलार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीस जन्मतः हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्ये केली. मात्र त्यापूर्वी विवाह झालेल्या मुली तीतून वगळलेल्या होत्या. ९ सप्टेंबर २००५ पासूनच्या केंद्रीय दुरुस्तीने विवाहित-अविवाहित हा भेद संपुष्टात आणला. त्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात २०२० मध्ये दिला. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या व विक्री मात्र या दुरुस्तीने बाधित होत नाहीत.

मुस्लिम कुटुंबांत वारसा त्यांच्या व्यक्तिगत विधीनुसार ठरतो. त्यात मुलीचा हिस्सा सामान्यतः मुलाच्या हिश्श्याच्या निम्मा असतो आणि वारसांच्या संमतीशिवाय एकतृतीयांशापेक्षा अधिक मालमत्तेचे मृत्युपत्र करता येत नाही.

बहिणीने हक्क सोडल्याचे अनेकदा तोंडी सांगितले जाते. स्थावर मालमत्तेतील हिस्सा सोडावयाचा असल्यास नोंदणीकृत हक्कसोडपत्र आवश्यक असते. पटवाऱ्यापुढे दिलेला जबाब त्याची जागा घेऊ शकत नाही. भावाने अनेक वर्षे एकट्याने शेत वाहिले, एवढ्याने बहिणीचा हिस्सा संपत नाही. कारण एका सहहिस्सेदाराचा ताबा हा सर्वांच्या वतीने असल्याचे मानले जाते. तथापि एकत्र मालमत्तेतून आपणास वगळल्याचे कळल्यापासून १२ वर्षांत दावा दाखल करावा लागतो. मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही. परंतु ते दोन साक्षीदारांनी साक्षांकित केलेले असावे लागते. बँकेच्या खात्यावर नामनिर्देशित असलेली व्यक्ती रक्कम स्वीकारू शकते. त्यामुळे ती त्या रकमेची एकमेव मालक होत नाही. वृद्ध आईवडिलांनी सांभाळाच्या अटीवर मुलास जमीन बक्षीस दिली व त्याने सांभाळ केला नाही, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांविषयीच्या अधिनियमाखालील न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकते; मात्र तशी अट घातलेली असणे महत्त्वाचे असते.

कर्ज व गहाण : सावकार अनेकदा कर्जाच्या तारणासाठी गहाणखत न करता खरेदीखत करून घेतो व रक्कम परत मिळताच जमीन फिरवून देण्याचे तोंडी आश्वासन देतो. शर्तीच्या विक्रीने गहाण हा प्रकार मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ मध्ये मान्य केलेला आहे. परंतु १९२९ च्या दुरुस्तीनुसार परतीची अट त्याच खरेदीखतात लिहिलेली नसल्यास तो व्यवहार गहाण मानला जात नाही. अट वेगळ्या कागदावर असल्यास तो केवळ फेरखरेदीचा करार ठरतो आणि त्याची मुदत काटेकोरपणे पाळावी लागते. याउलट व्यवहार गहाणाचा असल्यास रक्कम देऊन जमीन सोडविण्याचा हक्क कोणत्याही शर्तीने हिरावून घेता येत नाही; त्यासाठीची मुदत ३० वर्षांची आहे. एकाच शेताविषयीच्या दोन कागदांत कधीकधी एका वाक्याचाच फरक असतो. परंतु त्यामुळे एक कुटुंब शेत राखते व दुसरे गमावते.

कागद खरेदीखताचा असला, तरी खातेदार सर्वस्वी निरुपाय ठरत नाही. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ अन्वये परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा असून त्यास पाच वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे. सावकारी व्यवहाराच्या ओघात बळकावलेल्या स्थावर मालमत्तेविषयी कर्जदारास जिल्हा निबंधकाकडे अर्ज करता येतो. चौकशीअंती ते हस्तांतरण अवैध ठरवून मालमत्ता परत करण्याचा आदेश निबंधक देऊ शकतो. या अधिनियमात चक्रवाढ व्याजास मनाई असून मुद्दलापेक्षा अधिक व्याज वसूल करता येत नाही. हे तत्त्व नवे नाही. व्याज मुद्दलाहून अधिक होऊ नये, हा प्राचीन धर्मशास्त्रातील दामदुपटीचा नियम मुंबई इलाख्यातील न्यायालयांनीही मान्य केलेला होता. तत्पूर्वी १९७५ मध्ये महाराष्ट्रात अल्पभूधारक शेतकरी, ग्रामीण कारागीर व मजूर यांची सावकारी कर्जे कायद्याने रद्द करण्यात आली व तो कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये वैध ठरविला.

उसनवारीच्या रकमेसाठी साधारणतः तीन वर्षांत दावा करावा लागतो. मुदतीच्या आत ऋणकोने लेखी कबुली देऊन सही केल्यास किंवा अंशतः फेड केल्याची लेखी नोंद झाल्यास मुदत नव्याने सुरू होते. मुदत संपल्यानंतरही फेडीचे नवे लेखी वचन दिल्यास ते बंधनकारक ठरते. म्हणून जुन्या कर्जाचा ‘नुसता हिशेब’ म्हणून पुढे केलेल्या कागदावर अंगठा देणे, हे कायद्याच्या दृष्टीने नवे कर्ज पत्करण्यासारखे असते. जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. धनकोने प्रथम कर्जदाराकडेच जावे, असा नियम नाही.

मृताच्या कर्जास वारस जबाबदार असतात. परंतु केवळ मिळालेल्या मालमत्तेच्या मर्यादेपर्यंत. विधवेने स्वतः सही केलेली नसल्यास तिचे स्त्रीधन किंवा तिची स्वकष्टार्जित मिळकत यांतून पतीचे कर्ज वसूल होत नाही. पित्याचे ऋण पुत्राने फेडलेच पाहिजे, हे धार्मिक कर्तव्य न्यायालयामार्फत लादण्याची तरतूद २००५ नंतरच्या कर्जांपुरती रद्द झाली आहे. हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीत स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, शेतकऱ्याची अवजारे, बैल व बियाणे आणि त्याचे राहते घर यांची सामान्यतः जप्ती होत नाही. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीस अटक करता येत नाही. केवळ फेडण्याची ऐपत नाही, म्हणून कोणासही तुरुंगात टाकता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये दिला.

नोंदीचे महत्त्व : विदर्भातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनंतर कागदोपत्री नोंदीचा प्रश्न अधिक तीव्रतेने पुढे आला. महाराष्ट्र शासनाने २००५-०६ मध्ये ठरविलेल्या निकषांनुसार मृताच्या कुटुंबास एक लाख रुपयांचे साहाय्य देण्यात येऊ लागले. त्यासाठी जमीन मृताच्या किंवा कुटुंबीयांच्या नावे असणे आणि थकलेले कर्ज बँक, सहकारी संस्था अथवा परवानाधारक सावकार यांचे असणे अपेक्षित होते. वाटणीची नोंद झालेली नाही व कर्ज विनापरवाना सावकाराचे आहे, अशा कुटुंबांचे दुःख तेवढेच असूनही त्यांची बाजू कागदावर दुबळी ठरली. कुटुंबाचा वारसा, जमीन व कर्ज यांची नोंद वेळीच करणे हे म्हणूनच केवळ कचेरीचे काम राहत नाही. खातेदाराच्या मृत्यूनंतर वारसनोंदीत विधवा, आई व मुली यांची नावे लावणे, कर्ज फिटल्यावर बोजा कमी करून घेणे आणि प्रत्येक फेडीची पावती जपणे, या साध्या कृतींवर पुढील पिढीचा हक्क अवलंबून असतो.

दाद मागण्याची साधने : विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ अन्वये स्त्रिया, बालके आणि अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधिसाहाय्य मिळते, इतरांसाठी उत्पन्नाची मर्यादा ठरविलेली असते. त्यासाठी अर्ज जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका विधी सेवा समितीकडे करता येतो. लोकअदालतीत झालेल्या तडजोडीचा निवाडा दिवाणी हुकूमनाम्याप्रमाणे अंमलात येतो व त्यावर अपील चालत नाही. त्यामुळे तडजोडीवर सही करण्यापूर्वी तिच्या अटी वाचून किंवा वाचवून घेणे अगत्याचे असते. नोंदीविषयीची तक्रार महसूल अधिकाऱ्यांकडे, सावकारीविषयीची सहकार खात्याच्या निबंधकाकडे आणि मालकी व वाटणीविषयीची दिवाणी न्यायालयाकडे न्यावयाची असते. चुकीच्या दारी अर्ज करण्यात मुदत निघून जाणे, हे खरे हक्क बुडण्याचे एक नेहमीचे कारण होय.