भाडोत्री वीर आणि आपली अनुमोदना

दशलक्षण पर्वाच्या दिवसांतही घरातील तरुण मुले मोबाईलवर मारधाडीचे चित्रपट पाहतात, अशी तक्रार मैंदर्गीतील आपल्या समाजाची वडीलधारी मंडळी वारंवार करतात. तक्रार रास्त आहे. मात्र ती करणाऱ्यांपैकी अनेकांनी ऐन तारुण्यात ‘शोले’ एकाहून अधिक वेळा पाहिला आहे, हे सोयीस्करपणे विसरले जाते.

15 ऑगस्ट 1975 रोजी प्रदर्शित झालेला हा चित्रपट मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात पाच वर्षे चालला. आमच्या सीमाभागात तो डोळ्यांआधी कानांनी पोहोचला. त्याच्या संवादांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या होत्या आणि त्या लग्नमंडपात, हॉटेलांत मोठ्याने वाजत. कन्नड आणि मराठीत वाढलेली आमची पिढी गब्बरसिंगाची हिंदी तोंडपाठ म्हणे. अक्कलकोटमार्गे एस.टी.ने सोलापूर गाठून तो प्रत्यक्ष पाहिला, तेव्हा पुढचे वाक्य कोणते येणार हे अर्ध्या प्रेक्षागृहाला ठाऊक होते.

ही कथा मुळात भाडोत्री माणसांची आहे. ठाकूर बलदेवसिंग दोन भुरट्या चोरांना पैसे देऊन आणतो. काम एकच, गब्बरला जिवंत पकडणे. सरकारने लावलेले पन्नास हजारांचे बक्षीसही त्यांचेच. कोणत्याही व्यापाऱ्याला समजावा असा हा रोखीचा सौदा. अकिरा कुरोसावा यांच्या 1954 च्या ‘सेव्हन सामुराय’मध्ये शेतकऱ्यांकडे पैसाच नसतो, म्हणून ते योद्ध्यांना भाताच्या जेवणावर ठेवतात. तीच कथा अमेरिकेने 1960 मध्ये ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ या नावाने काढली. आजची मुले ‘एक्स्ट्रॅक्शन’ पाहतात. 2020 च्या त्या चित्रपटात मुंबईच्या अमली पदार्थांच्या व्यापाऱ्याचा मुलगा ढाक्यात डांबला जातो. त्याला सोडवायला आलेल्या भाडोत्री सैनिकाला पैसे बुडाल्याचे कळते, तरी तो मुलाला टाकून जात नाही.

या साऱ्यांचा प्राण एकाच क्षणात आहे: मोबदल्यासाठी आलेला माणूस मोबदला विसरतो. आकर्षण रक्ताचे कमी आणि या क्षणाचे अधिक, असे माझे मत आहे. दुकानात किंवा बँकेत बसणाऱ्याचा दिवस किंमत ठरवण्यात जातो. मी स्वतः नोकरीभर तारण पाहिल्याशिवाय कर्जाच्या कागदावर सही केली नाही. ज्याची किंमत ठरून गेली होती, तोच किमतीपलीकडे गेला की मन भरून येते. ही भावना हीन नव्हे.

परंतु त्याच ताटात दुसरेही काही वाढलेले असते. वीर सज्जन ठरला की त्याच्या हातून मेलेल्यांचा हिशेब कोणी ठेवीत नाही. डाकू पटापट पडतात आणि आपण टाळ्या वाजवतो. कृत, कारित आणि अनुमोदना हे तीन भेद आपण लहानपणी पाठ केले. ठाकूर कारित, जय आणि वीरू कृत. अनुमोदना मात्र आपण तिकीट काढून देतो. समंतभद्राचार्यांनी ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त अनर्थदंडाच्या पाच प्रकारांत दुःश्रुतीची गणना केली आहे. मन कलुषित करणाऱ्या कथा ऐकणे, असा तिचा अर्थ. लग्नमंडपातील त्या ध्वनिमुद्रिकांना दुसरे कोणते नाव द्यावे?

गंमत अशी की ‘शोले’तील सर्वांत भेदक हत्या दाखवलेलीच नाही. सचिन पिळगावकर यांनी साकारलेला अहमद गब्बरच्या हाती सापडतो. गब्बर हातावरची मुंगी चिरडतो आणि पुढच्या दृश्यात घोडा त्या मुलाचे प्रेत घेऊन गावात येतो. बाकीची मारामारी विसरलेली माझी आई त्या मुंगीसाठी कितीतरी वर्षे हळहळत असे.

शेवटाची हकीकतही अशीच विचारात पाडणारी आहे. मूळ चित्रीकरणात ठाकूर खिळे लावलेल्या बुटांनी गब्बरला ठार मारतो. आणीबाणीचा काळ होता. सेन्सॉरने हरकत घेतली आणि पोलीस वेळेवर येतात असा शेवट पुन्हा चित्रित करावा लागला. 2025 मध्ये जीर्णोद्धारित प्रत मूळ शेवटासह इटलीतील बोलोन्याच्या महोत्सवात दाखवली गेली. आमच्या घरी यावर वाद झाला. नातवाच्या मते मूळ शेवटच खरा, कारण ज्याचे घरदार गेले, हात गेले, त्याला पोलिसांच्या स्वाधीन करण्याचा उपदेश करणारे आपण कोण? सूनबाईंना पोलीसच हवे होते.

येथील पाठशाळेत मोठ्या मुलांपुढे हे दोन्ही शेवट ठेवावेत, असे मी सुचवले आहे. कोणता निवडला याबरोबर का निवडला, हेही त्यांनी सांगावे. तक्रार करणाऱ्या वडीलधाऱ्यांनीही त्या दिवशी उपस्थित राहून आपापली निवड सांगावी.