नाकाखालची पन्हळ

नाकाखाली, वरच्या ओठाच्या मधोमध बोट ठेवलं की एक उथळ पन्हळ लागते. एरवी तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. पण आईच्या पोटात असताना दारू पोचलेल्या काही मुलांत ती जवळजवळ पुसलेली असते, वरचा ओठ पातळ आणि डोळ्यांच्या फटी आखूड असतात. फ्रान्समधल्या नांत शहरात पॉल लेमोआन यांनी १९६८ साली अशा १२७ मुलांची नोंद केली. फारसं कुणी मनावर घेतलं नाही. १९७३ मध्ये सिअॅटलच्या केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याबद्दल लिहिलं, तेव्हा जग जागं झालं.

वार ही गाळणी खरी, पण दारूचा रेणू इतका लहान की तो सहज पार होतो. थोड्याच वेळात बाळाच्या रक्तातलं प्रमाण आईच्या बरोबरीला येतं. आईचं यकृत दारू मोडतं. गर्भाचं यकृत त्या कामाला अजून तयार नसतं. त्यात बाळाची लघवी गर्भजलात उतरते आणि तेच पाणी बाळ पुन्हा गिळतं. बिअर, वाइन, फेणी, सगळ्यांत अल्कोहोल तेच. ‘हलकी’ म्हणून सूट नाही. सुरक्षित म्हणावी अशी मात्रा आजवर ठरलेली नाही.

मग पन्हळ का पुसते? १९८१ मध्ये कॅथलीन सुलिक आणि सहकाऱ्यांनी गाभण उंदरांना सातव्या दिवशी दारू टोचली आणि पिलांचे चेहरे तसेच झाले. माणसात तो काळ गर्भधारणेनंतरचा तिसरा आठवडा, म्हणजे पाळी चुकल्याचा नुकता संशय येण्याची वेळ. तेव्हा आईला कुठे ठाऊक असतं! तिला दोष देण्याआधी एवढं लक्षात घ्यावं.

चेहऱ्याचा हा मुहूर्त लवकर टळतो. मेंदू मात्र नऊही महिने घडत असतो. म्हणून नंतर पोचलेली दारू चेहरा शाबूत ठेवून मेंदूला इजा करू शकते. दोन अर्धगोल जोडणारा पट्टा, तोल सांभाळणारा लहान मेंदू, आठवणी साठवणारा भाग, कुठेही घाव बसतो. किती, हे मात्रा, वेळ, आईचा आहार आणि आनुवंशिकता यांवर ठरतं. चेहऱ्यावर खूण नसलेली मुलंच जास्त, आणि माझ्या मते जास्त अन्याय त्यांच्यावरच होतो.

असं मूल अनेकदा घडाघडा बोलतं, म्हणून त्याला सगळं कळतं असं वाटतं. काल पाठ असलेला पाढा आज आठवत नाही. घड्याळ, पैसे, ‘नंतर काय होईल’ हे जुळत नाही. शाळा त्याला वांड ठरवते.

मेंदूचं नुकसान भरून येत नाही, पण अॅन स्ट्रायसगुथ यांनी अशा मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला, त्यात सहा वर्षांच्या आत निदान आणि स्थिर घर मिळालेल्यांची पुढची फरफट कमी झालेली दिसली. घरी करण्यासारखं साधं आहे. ‘दप्तर भर, डबा घे, चपला घाल’ असं एका दमात सांगू नये. आधी फक्त ‘दप्तर भर’. ते झालं की डबा.