टेलिफोनचं वय ओळखताना

जुना टेलिफोन समोर आला की आपण तो पुढून पाहतो. डायलची चकती, क्रेडलवर ठेवलेला जडशीळ रिसीव्हर, काळ्या बेकेलाइट प्लास्टिकची चकाकी. ज्याला त्याचं वय काढायचं आहे, तो मात्र आधी फोन उलटा करतो. तळाच्या पत्र्यावरचे शिक्के, रिसीव्हरच्या दांडीच्या आत उमटवलेले आकडे, डायलच्या मागच्या बाजूला कोरलेलं कारखान्याचं संकेताक्षर, घंटेच्या वाट्यांजवळ कुणी दुरुस्ती कामगाराने मारलेली खूण. फोनची जन्मपत्रिका अशी तुकड्यातुकड्यांत असते.

शाळाशाळांतून फिरणारं टेलिफोनचं प्रदर्शन मांडायचं तर ही पत्रिका वाचता यायलाच हवी. फिरत्या विज्ञान प्रदर्शनाची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. कोलकात्याच्या बिर्ला औद्योगिक आणि तंत्रज्ञान संग्रहालयाने १९६५ मध्येच गाडीतून गावोगावी प्रदर्शन न्यायला सुरुवात केली. अशा प्रदर्शनात प्रत्येक वस्तूशेजारी एक पाटी असते आणि पाटीवर एक साल असतं. समोरची मुलं ते साल खरं मानून वहीत उतरवून घेतात. म्हणून पाटी लिहिणाऱ्याची जबाबदारी मोठी.

एका फोनची तीन सालं

टेलिफोनच्या बाबतीत एकच साल लिहिणं अवघड का असतं, याचं कारण तंत्रात नाही, मालकीत आहे. ब्रिटनमध्ये जनरल पोस्ट ऑफिस, अमेरिकेत बेल सिस्टिम आणि आपल्याकडे डाक-तार खातं, म्हणजे पी. अँड टी., यांच्या कारभारात घरातला फोन सहसा घरमालकाचा नसे. तो भाड्याने वापरायला मिळे. जोडणी बंद झाली की फोन कंपनीच्या किंवा खात्याच्या कारखान्यात परत जाई. तिथे तो उघडून साफ केला जाई, झिजलेली डायल बदलली जाई, तडा गेलेल्या रिसीव्हरच्या जागी दुसरा बसे आणि तोच फोन नव्या ग्राहकाकडे रवाना होई. पिढ्यानपिढ्या राहत्या असलेल्या वाड्यात जोतं पणजोबांचं, जिना आजोबांचा आणि फरशी वडिलांची असते, तसंच इथे घडतं. डायल १९३८ची, रिसीव्हर १९४९चा आणि दोरी त्यानंतरची, असा फोन बनावट नसतो. तो प्रामाणिकपणे वापरला गेलेला फोन असतो.

त्यामुळे ‘हा कधीचा?’ या प्रश्नाचे तीन प्रश्न करावे लागतात. हा नमुना प्रथम कधी निघाला? हा विशिष्ट फोन कधी बनला? आणि त्याला शेवटचा हात कधी लागला? पहिल्याचं उत्तर आकारावरून मिळतं, उरलेल्या दोहोंचं पोटातून.

आकार काय सांगतो

अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांना पेटंट मिळालं ७ मार्च १८७६ रोजी. सुरुवातीच्या उपकरणांत बोलायचं आणि ऐकायचं साधन एकच होतं, कधी तोंडाशी धरायचं, कधी कानाशी. पुढच्या दोनतीन वर्षांत एडिसन, ह्यूज आणि हनिंग्ज यांच्या प्रयोगांतून कार्बनचा ट्रान्समीटर आला. कार्बनच्या कणांवर आवाजाचा दाब पडला की त्यांचा विद्युत रोध बदलतो, या साध्या तत्त्वावर जग शंभर वर्षं बोललं.

त्यानंतरची लाकडी पेटी भिंतीवरची. बाजूला फिरवायचं हँडल, आत नालाच्या आकाराचे चुंबक असलेला मॅग्नेटो, खाली बॅटरीचा कप्पा. हँडल फिरवलं की वीज तयार होऊन एक्स्चेंजमध्ये इशारा जाई. १८९०च्या दशकात बॅटरी एक्स्चेंजमध्येच ठेवायची पद्धत सुरू झाली आणि ग्राहकाच्या घरातली बॅटरी व हँडल हळूहळू अनावश्यक ठरली. मग उभ्या खांबाचा फोन आला: वर बोलायचा कर्णा, बाजूच्या आकड्यावर ऐकायचा रिसीव्हर. या फोनची घंटा त्याच्यात नसतेच, ती भिंतीवरच्या वेगळ्या पेटीत असते. नुसता खांब मांडला तर प्रदर्शनात अर्धाच टेलिफोन येतो.

बोलणं-ऐकणं एकाच दांडीत आणणारे टेबलावरचे फोन स्वीडनच्या एरिक्सन कंपनीने १८९०च्या दशकातच विकायला सुरुवात केली होती. ब्रिटनमध्ये १९२९ साली आलेला बेकेलाइटचा १६२ क्रमांकाचा फोन आणि १९३७चा ३३२ दिसायला नात्यातले. फरक घंटेचा. १६२ला घंटेची वेगळी पेटी लागते, ३३२च्या पोटातच घंटा आहे. १९३७ हेच साल अमेरिकेतल्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या ३०२ या नमुन्याचं. त्याचा आकार हेन्री ड्रेफस यांनी घडवला. सुरुवातीच्या ३०२चं कवच धातूचं होतं, युद्धकाळात ते प्लास्टिकचं झालं. हात लावताच गार लागणारं जड कवच असेल तर फोन आधीच्या तुकडीतला, एवढं लगेच कळतं.

आकार कुठे फसवतो

हँडल दिसलं की एकोणिसावं शतक लिहून टाकायचा मोह होतो. तो टाळावा. अमेरिकेत मेन राज्यातल्या ब्रायंट पाँड या गावात हँडल फिरवून एक्स्चेंजला बोलावण्याची पद्धत १९८३पर्यंत चालू होती. डायल नसणं हीसुद्धा जुनेपणाची खूण नाही. भारतात सिमल्याला स्वयंचलित एक्स्चेंज १९१३-१४ मध्ये आलं, पण तालुक्याच्या गावी ऑपरेटरच नंबर जोडून देत असे, तेही स्वातंत्र्यानंतर कित्येक दशकं. डायलच्या जागी कोरी चकती असलेला काळा फोन शहरातल्या डायलवाल्या फोनपेक्षा धाकटा असू शकतो.

वेस्टर्न इलेक्ट्रिकचा ५३०२ हा नमुना तर परीक्षाच घेतो. बाहेरून तो १९५०च्या सुमाराला आलेल्या ५०० नमुन्यासारखा दिसतो, आत मात्र जुन्या ३०२चंच यंत्र आहे. साठलेले जुने भाग वाया जाऊ नयेत म्हणून कंपनीने त्यांना नवं कवच चढवलं. कवच पाहून साल लिहिणारा इथे चुकतो, आतला भाग पाहून लिहिणाराही चुकतो. दोन्ही पाहणाऱ्यालाच खरी गोष्ट दिसते.

डायल वाचणं

फोन कोणत्या देशात वापरला गेला, हे डायलइतकं स्पष्ट दुसरं काही सांगत नाही. आकड्यांबरोबर रोमन अक्षरं असतील तर ‘ओ’ कुठे आहे ते पाहावं. अमेरिकी डायलवर ‘ओ’ सहाच्या घरात असतो, ब्रिटिश डायलवर शून्याच्या. स्वीडनच्या डायलवर शून्य एकाच्या आधी येतं, कारण तिथे शून्यासाठी एकच ठोका जाई. न्यूझीलंडच्या डायलवर आकड्यांचा क्रम उलटा आहे. आणीबाणीसाठी तिथे १११ फिरवत, पण तारेवरून जात प्रत्येकी नऊ ठोके, म्हणजे ब्रिटनमधल्या ९९९इतकेच.

हे ठोके म्हणजे काय, ते मुलांना फोन हातात देऊनच समजवावं. डायल ओढून सोडली की परत येताना ती विजेचं वर्तुळ सेकंदाला साधारण दहा वेळा तोडते आणि जोडते. पाच फिरवला तर पाच ठोके. एक बॅटरी आणि एक छोटा दिवा जोडला तर प्रत्येक आकडा दिव्याच्या उघडझापीत मोजता येतो. आल्मन स्ट्राउजर यांना १८९१ मध्ये पेटंट मिळालेलं स्वयंचलित एक्स्चेंज पुढे याच ठोक्यांवर पायरी-पायरीने सरकू लागलं आणि ऑपरेटरशिवाय जोडणी होऊ लागली.

शिक्के आणि तारखा

अमेरिकी फोनवर पेटंटच्या तारखांची ओळ असते. त्यातली सगळ्यात अलीकडची तारीख एवढंच सांगते की फोन त्याआधीचा नाही. तोच साचा पुढे कित्येक वर्षं वापरात राहू शकतो. बेल यांची मूळ पेटंटं १८९३-९४ मध्ये संपली आणि स्वतंत्र कंपन्यांची रीघ लागली. स्ट्रॉमबर्ग-कार्लसन १८९४ची, केलॉग १८९७ची. फोनवर ही नावं असतील तर त्याआधीचं साल आपोआप बाद होतं.

वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या ५०० नमुन्यात तळावर महिना आणि साल असतं, आणि कवच, रिसीव्हर, डायल यांवर वेगवेगळ्या तारखा सापडतात. सगळ्या एकमेकींशी जुळल्या तर फोन कारखान्यातून निघाला तसाच आहे. ब्रिटिश फोनवर नमुन्याचा क्रमांक, कारखान्याचं संकेताक्षर आणि सालाचे शेवटचे दोन आकडे मिळतात. एफ.डब्ल्यू.आर. ही अक्षरं दिसली तर तो पोस्ट ऑफिसच्या दुरुस्ती कारखान्यातून फिरून आलेला आहे, आणि त्यापुढचं साल जन्माचं नव्हे, दुरुस्तीचं.

भारतीय फोनसाठी कसोट्या आपल्या इतिहासातून मिळतात. ओरिएंटल टेलिफोन कंपनीची एक्स्चेंज १८८२ मध्ये कोलकाता, मुंबई आणि मद्रासला सुरू झाली. २८ जानेवारीला कोलकात्यात औपचारिक उद्घाटन झालं तेव्हा तिथे ९३ ग्राहक होते. मुंबईची सेवा सरकारने १९४३ मध्ये हाती घेतली. बंगळूरची इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज १९४८ साली स्थापन झाली, त्यामुळे आयटीआयचा शिक्का असलेला फोन त्याआधीचा नाही. डाक आणि तार खाती १९१४ मध्ये एकत्र आली आणि १९८५ मध्ये पुन्हा वेगळी झाली, म्हणून पी. अँड टी.ची मोहोर एवढ्याच पट्ट्यात बसते.

साहित्यही बोलतं. बेकेलाइटचा शोध १९०७चा. बोटाने जोरात घासून गरम केलं की त्याला कार्बोलिकचा उग्र वास येतो, नंतरच्या प्लास्टिकला येत नाही. सुती वेष्टणाची सरळ दोरी आधीची, वेटोळ्यांची नंतरची. मात्र दोरी हा सर्वांत जास्त बदलला जाणारा भाग, त्यामुळे तिच्या साक्षीला शेवटी महत्त्व द्यावं. चोरबाजारात झगमगणाऱ्या पितळी फोनपाशी आणखी सावध राहावं. शोभेचे फोन आजही घडवले जातात. अमेरिकेतल्या खांबाच्या फोनचं पितळ मुळात बहुधा काळ्या रंगाखाली झाकलेलं असे, लखलखाट नंतरच्या पॉलिशचा.

पाटी लिहिताना

प्रवासाला निघणारा फोन आधी सुरक्षित हवा. मॅग्नेटोचं हँडल फिरवलं की झटका बसण्याइतका दाब तयार होतो, म्हणून मुलांसमोर उघडी टोकं राहू देऊ नयेत. जुन्या बॅटऱ्या गळतात, त्या काढून ठेवाव्यात. शिक्के घासून चमकवू नयेत, तोच आपला पुरावा. उघडण्याआधी प्रत्येक टप्प्याचं छायाचित्र घ्यावं, क्रमांक सुती नाडीला बांधावा, अंगावर काही चिकटवू नये.

आणि मग पाटी. ‘सन १९४०’ एवढं लिहून भागत नाही. ‘नमुना १९३७चा. तळावर १९४८ची खूण. डायल १९५६ मध्ये बदललेली. दोरी त्यानंतरची.’ अशी पाटी लांब होते, पण ती वाचणारं मूल फोन पाहण्यापुरतं थांबत नाही, खुणा शोधायला वाकतं. जे पुराव्याने ठरलं ते ठामपणे लिहायचं आणि अंदाजाआधी ‘बहुधा’ लिहायचं. इतिहास असा तपासता येतो हे मुलांना कळलं, तर एवढ्याने प्रदर्शनाचं सार्थक होतं.

या कामात शिक्क्यांइतकाच आधार घरातल्या माणसांचा आहे. फोन कोणत्या साली आला, नंबर काय होता, एक्स्चेंज कोणतं, जोडणीसाठी किती वर्षं थांबावं लागलं, याची उत्तरं आज सत्तरी-ऐंशीतल्या माणसांकडे आहेत. जुनं बिल किंवा डिरेक्टरीचं एखादं पान सापडलं तर चकतीच्या मध्यावरच्या नंबराला साल मिळतं. जुना फोन भंगारात काढण्याआधी ही माहिती एका कागदावर लिहून त्याच्याबरोबर ठेवावी. खात्याच्या शिक्क्यांतून फोनचं वय कळेल. तो कोणाच्या घरात वाजला, हे त्या कागदाशिवाय कुणालाच सांगता येणार नाही.